शहाणा सांधा

भिंतीवरील पालीच्या शेपटीवर मांजराने पंजा मारला, तर पाल शेपटी तेथेच टाकून निसटते. तुटलेली शेपटी वळवळत राहते, मांजर तिच्याकडे पाहत बसते आणि पाल तेवढ्यात आढ्याला जाऊन पोहोचते. हे दृश्य आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. परंतु त्यातील एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एवढा मोठा अवयव तुटूनही तेथे रक्ताचे थारोळे पडत नाही. पालीच्या शेपटीतील मणक्यांत तुटण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. शेपटी तेथेच तुटते, आणि तुटताक्षणी तेथील स्नायू आकुंचन पावून रक्तवाहिन्यांची तोंडे आवळून धरतात.

तुटायचेच झाले तर ठरलेल्या जागी तुटावे आणि तुटताच तोंड मिटावे, ही युक्ती मनुष्याने आपल्या यंत्रांतही योजिली आहे. ती पाहण्यासाठी अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या सी.एन.जी. पंपावर जावे. मुंबईत रिक्षा केवळ उपनगरांत चालतात. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस त्यांना मज्जाव आहे. त्यामुळे पंपावरील रिक्षांच्या लांबच लांब रांगा हे उपनगरांचेच दृश्य होय. मुंबई हाय येथे १९७४ साली समुद्रतळाखाली तेल सापडले. तेलासोबत निघणारा नैसर्गिक वायू समुद्रातील नळांवाटे उरणच्या किनाऱ्यास येऊ लागला. पुढे १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईच्या घरांत व वाहनांत नैसर्गिक वायू पोहोचू लागला.

हा वायू गाडीच्या टाकीत मावावा म्हणून तो अतिशय दाबून भरावा लागतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब आपण मोठा समजतो, सी.एन.जी.चा दाब त्याच्या सुमारे शंभर पट असतो. एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी जागा, तिच्यावर हा वायू सुमारे २०० किलोग्रॅमचा भार टाकतो. पन्नास किलोंची चार पोती एका नखावर रचली आहेत, अशी कल्पना करा!

आता समजा, गाडीत वायू भरून झाला, पैसे देऊन झाले, मागील गाड्यांचे भोंगे वाजू लागले, आणि नळी अद्याप जोडलेली आहे हे विसरून चालकाने गाडी पुढे काढली. दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर काढणाऱ्या माणसाच्या हातून असे घडणे मुळीच अशक्य नाही. अशा वेळी नळी वाटेल तेथे फाटली, तर तिचे सुटलेले टोक आतील दाबामुळे चवताळलेल्या सापासारखे सपासप फिरू लागेल. पंपावरचा कामगार तर हातभर अंतरावरच उभा असतो. वायू बाहेर पडून कोठे ठिणगीस भेटला, तर काय होईल हे सांगावयास नको.

मग नळीच अधिक मजबूत का करू नये, असे कोणास वाटेल. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तरही विचार करण्याजोगे आहे. नळी तुटली नाही, तर गाडीची ओढ नळीमागील यंत्रास बसेल. यंत्र घट्ट रोवलेले असले तर ती त्याखालील नळास बसेल, आणि तेथे काही तुटले तर वायूचा साठाच मोकळा होईल. ओढ बसल्यावर काहीतरी तुटणारच. कोठे तुटावे, एवढेच ठरविणे आपल्या हाती असते. घरातील विजेच्या फ्यूजची बारीक तार वितळते आणि भिंतीतील तारा वाचतात, त्यांतील तत्त्वही हेच.

म्हणून यंत्र आणि नळी यांच्यामध्ये धातूचा एक लहानसा सांधा बसवितात. त्याचे दोन भाग असून ते एकमेकांत अडकविलेले असतात. रोजच्या हाताळणीने ते सुटत नाहीत. मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे ओढ बसताच अलग होतात. प्रत्येक भागात एक झडप आणि तिच्यामागे एक स्प्रिंग असते. सांधा जुळलेला असताना दोन्ही झडपा एकमेकींना रेटून उघड्या ठेवतात. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांची दारे हाताने उघडी धरावीत, तसा हा प्रकार आहे. दोघे दूर झाले की दोन्ही दारे आपोआप मिटतात. यंत्राकडील वायू यंत्रात राहतो, नळीतील वायू नळीत राहतो, आणि गाडीच्या टाकीतील वायूला मागे फिरू न देणारी झडप गाडीतच असते. स्वयंपाकघरातील सिलिंडरवरून रेग्युलेटर काढताच गॅस बंद होतो, तोही अशाच स्प्रिंगच्या झडपेमुळे.

सांधा घडविणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. आतील प्रचंड दाब स्वतःच दोन्ही भागांना एकमेकांपासून दूर ढकलीत असतो. त्या दाबाने सुटू नये, पण गाडीच्या ओढीने अवश्य सुटावे, असे दुहेरी वागणे त्या सांध्याकडून करवून घ्यावयाचे असते. त्याकरिता काही सांध्यांत वायूचा दाब दोन्ही दिशांना सारखा पडून परस्परांस तोलून धरील, अशी रचना करतात.

पेट्रोलच्या नळीवरही असा सांधा असतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व गटारांत साचते. म्हणून तेथे सांडणे अधिकच वाईट. नैसर्गिक वायू हवेहून हलका असल्याने निदान वर तरी निघून जातो. तेलवाहू जहाजांचा प्रश्न याहून मोठा. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, आणि त्यासवे जहाजही. जगातील अनेक तेलबंदरांत जहाजाला जोडलेल्या नळांवर दोन्हीकडून मिटणारे सांधे बसविलेले असतात. जहाज धक्क्यापासून भलतेच दूर सरकले, तर ते सुटतात.

आगगाडीत मात्र हीच युक्ती उलट करून वापरली आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८६९ साली दाबलेल्या हवेचा ब्रेक काढला. त्यात नळीतून हवा सोडली म्हणजे ब्रेक लागत असे; अर्थात नळी तुटली तर ब्रेकही गेला. १८७२ साली त्याने ही योजना फिरविली. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहावेत, आणि दाब गेला की ते लागावेत, असे त्याने केले. प्रत्येक डब्याखाली हवेची एक लहान टाकी असते; नळीतील दाब उतरताच त्या टाकीतील हवा ब्रेक दाबते. येथे नळी मिटून चालणार नाही. ती उघडी पडली पाहिजे.

घाटकोपर-मुलुंडवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या पुढे बोरघाट किंवा थळघाट चढतात. तेथे ३७ मीटर पुढे जाताना रूळ १ मीटर वर चढतो. अशा चढणीवर डब्यांची जोडणी तुटली, तर डब्यांमधील हवेच्या नळ्याही ताणून सुटतात, हवा निघून जाते, आणि मागे घसरू पाहणाऱ्या डब्यांचे ब्रेक कोणी हात न लावता लागतात.