कायदा आणि खतावणी

1918 साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे लंडनहून बॅरिस्टर आणि डी.एस्सी. होऊन परतल्यावर वकिली करत असतानाच, 1925 ते 1928 या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला; आणि 1935 मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अर्थव्यवहार आणि कायदा ही दोन ज्ञाने एकाच माणसाच्या हाती एकमेकांना धार लावू शकतात, याचा इतका ठळक दाखला आपल्याकडे दुसरा नाही. पण त्यांना ती कोणत्याही विद्यापीठाने एकत्र बांधून दिलेली नव्हती. आज बारावी झालेल्या मुलाला बीबीए-एलएलबी किंवा बीकॉम-एलएलबी अशी जोडपदवी पाच वर्षांत मिळते. या जोडपदवीपर्यंतचा प्रवास आणि तिने काय साधले हे तपासताना माझे मत असे झाले आहे, की तिने दोन विषय एका गुणपत्रिकेवर आणले, पण एका वर्गात अजून आणलेले नाहीत. आणि महाराष्ट्राच्या ज्या अर्थव्यवहाराला या जोडीची सर्वांत जास्त गरज आहे, तो सहकार तिने जवळजवळ बाहेरच ठेवला आहे.

जोडी स्वतः नवी नाही. मुंबईत शासकीय विधी महाविद्यालय 1855 पासून आहे, सिडनहॅम 1913 मध्ये आले. पुण्यात आयएलएस 1924 चे आणि बीएमसीसी 1943 चे. बीकॉम व्हायचे, बँकेत किंवा कंपनीच्या कचेरीत नोकरी धरायची आणि सकाळच्या नाहीतर संध्याकाळच्या वर्गाला बसून एलएलबी करायचे, ही या दोन्ही शहरांतली जुनी वहिवाट. तिचे दोष उघड होते. एलएलबी पूर्वी दोनच वर्षांची होती. ती तीन वर्षांची झाली 1967 पासून. अर्धवेळ वर्गांतून गंभीर कायदेशिक्षण होत नाही, हे न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या कायदेशिक्षणाचा विचार केला तेव्हाही चर्चेत होते. तरी त्या वहिवाटीचा एक गुण विसरता कामा नये. तिथला विद्यार्थी दिवसभर खतावणी हाताळून वर्गात येई. हुंडी, तारण, जामीन हे शब्द त्याला व्याख्येआधी व्यवहारातून माहीत असत. जोड अभ्यासक्रमात नव्हती. ती त्याच्या दिनक्रमात होती.

बार कौन्सिलने 1982 मध्ये बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा निर्णय घेतला आणि बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी 1988 मध्ये सुरू झाली. एन. आर. माधव मेनन यांनी तिथे कायद्याला जोड दिली ती समाजशास्त्रांची. पुणे विद्यापीठाच्या बीएसएल या पदवीच्या नावातच समाज आणि विधी हे दोन शब्द होते. कायदा समाजातून समजून घ्यावा, हा त्यामागचा विचार खरा होता आणि आजही खरा आहे. मात्र पहिली तुकडी बाहेर पडायच्या आतच देशाचा अर्थव्यवहार बदलला. 1991 चे धोरण आले, 1992 मध्ये रोखे घोटाळा उघड झाला, त्याच वर्षी सेबीला वैधानिक अधिकार मिळाले. बँक रिसीट म्हणजे काय, एका बँकेचा पैसा दलालाच्या खात्यातून शेअर बाजारात कसा पोचतो, हे कळल्याशिवाय त्या घोटाळ्याचे आरोपपत्र वाचणेही कठीण होते. पुढे स्पर्धा कायदा, 2013 चा कंपनी कायदा, 2016 ची दिवाळखोरी संहिता, 2017 चा जीएसटी अशी रांगच लागली. कायद्याला आता हिशेबाची जोड हवी, ही मागणी त्यातून तयार झाली. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत जोडपदव्यांची चौकट ठरली. आणि 2021 मध्ये तर रोहतकच्या आयआयएमनेच कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला.

त्या चौकटीत नेमके काय आहे ते पाहू. कायद्याचे वीस विषय सक्तीचे, चार प्रात्यक्षिक स्वरूपाचे आणि सहा ऐच्छिक. कंपनी कायदा आणि करकायद्याची तत्त्वे सक्तीच्या विसांतच आहेत, म्हणजे बीए-एलएलबी करणाऱ्यालाही ते चुकत नाहीत. मग बीबीए या अर्ध्या भागाने वेगळे काय दिले? लेखाशास्त्र, वित्त, विपणन, मनुष्यबळ व्यवस्थापन. हे विषय बहुधा आरंभीच्या सत्रांत, वाणिज्याचे शिक्षक, वाणिज्याच्या पुस्तकांतून शिकवतात. कंपनी कायदा येईपर्यंत ताळेबंद मागे पडलेला असतो, आणि तो शिकवणारा शिक्षक ताळेबंद उघडत नाही. दोन विषय एकाच विद्यार्थ्याला भेटतात. एकमेकांना भेटत नाहीत. याने काय बिघडते, ते महाराष्ट्रातल्याच एका वादावरून दिसते. सहकारी साखर कारखाने उसाला किमान वैधानिक दरापेक्षा जास्त भाव देत. हा जादा भाव कारखान्याचा खर्च की सभासदांना केलेले नफ्याचे वाटप? खर्च असेल तर त्यावर आयकर नाही. नफ्याचे वाटप असेल तर आहे. हा वाद वर्षानुवर्षे चालला. तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले, की भावातला जेवढा भाग नफ्याचा, तेवढे वाटप, उरलेला खर्च, आणि हे ठरवण्यासाठी कर अधिकाऱ्याने कारखान्याचे हिशेब आणि ताळेबंद पाहावेत. प्रश्न कायद्याचा, उत्तर खतावणीत. अखेर 2023 च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांची ही देणी खर्च म्हणून दाखवण्याची मुभा मिळाली, आणि त्यातून कारखान्यांना जवळजवळ 10,000 कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. ऊसपट्ट्यातल्या लाखो शेतकऱ्यांशी जोडलेला हा प्रश्न जोडपदवीच्या वर्गात आदर्श पाठ म्हणून शिकवता येईल. पण सहकार कायदा सक्तीच्या विसांत नाही.

विलीनीकरणाचे करार, खासगी भांडवल, शेअर विक्री याच व्यवहारांना ही पदवी ‘बिझनेस’ समजते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला कारखाना, गावोगावच्या पतपेढ्या, नागरी सहकारी बँका, गृहनिर्माण संस्था यांचे व्यवहार तिला व्यवसाय वाटत नाहीत. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त 1,000 रुपये काढता येत होते. सहकारी बँकेवर एकीकडे रिझर्व्ह बँकेचे, दुसरीकडे सहकार निबंधकाचे नियंत्रण. या दुहेरी रचनेत आपल्या पैशाचे काय होणार, हे त्या ठेवीदाराला समजावून सांगू शकेल असा वकील घडवणे हे जोडपदवीचे काम आहे असे मला ठामपणे वाटते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की वकिलाला ताळेबंद कशाला यायला हवा? त्याला चार्टर्ड अकाउंटंट मदतीला घेता येतो. घेता येतो हे खरे. पण काय विचारायचे हे आधी कळावे लागते. शिवाय राष्ट्रीय कंपनी न्यायाधिकरणापुढे आज चार्टर्ड अकाउंटंट आणि कंपनी सेक्रेटरी स्वतःच बाजू मांडू शकतात; म्हणजे कायदा आणि हिशेब यांच्यामधली भिंत कायद्याने दुसऱ्या बाजूने आधीच पाडली आहे. आणि काही वेळा न्यायालय हिशेबात शिरायचेच नाकारते. एस्सार स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले, की कर्ज देणाऱ्यांच्या समितीच्या व्यावसायिक शहाणपणाच्या जागी न्यायाधिकरणाने आपले मत बसवू नये. कायदा कुठे थांबतो आणि व्यवसायाचा निर्णय कुठे सुरू होतो, ही रेषा ओळखायला दोन्ही बाजू माहीत असाव्या लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बीकॉम आणि मग एलएलबी यांना सहा वर्षे लागतात, जोडपदवीला पाच, वाचलेले वर्ष मध्यमवर्गीय घराला छोटे नसते. हे मी पूर्ण मान्य करतो. मात्र त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 2008 च्या नियमांनी कायद्याच्या नियमित वर्गाला दिवसाला सलग पाच तास आणि आठवड्याला तीस तास ठरवले. शिक्षणाचा दर्जा वाढावा म्हणून हे योग्यच होते, पण त्याने नोकरी सांभाळून वकील होण्याची वाट अरुंद झाली. बारावीतच निर्णय घेणाऱ्याला आणि पाच वर्षांचे शुल्क भरू शकणाऱ्याला एक वर्ष मिळाले. तेविसाव्या वर्षी बँकेच्या काउंटरवर बसून कायद्याची ओढ लागलेल्याला संधी कमी झाली. तिसरा आक्षेप नोकऱ्यांचा. मोठ्या फर्म या पदवीधरांना घेतात, मग तक्रार कसली? पण फर्म पारखतात ते अंतर्वासिता आणि इंग्रजी मसुदालेखन. त्यातून बीबीएच्या भागाने काय घडवले हे सिद्ध होत नाही. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना फार उशिरा कळते: पूर्णवेळ पगारी नोकरी करताना बार कौन्सिलच्या नियमाने वकिली करता येत नाही. कंपनीचा विधी अधिकारी व्हायचे तर सनद बाजूला ठेवावी लागते. जोडपदवी दोन दारे उघडते असे सांगितले जाते, पण त्यातल्या एकातून आत गेल्यावर दुसरे तेवढ्या काळापुरते बंद होते.

ही पदवी बंद करावी असे मी म्हणत नाही. जुन्या वहिवाटीत जी जोड योगायोगाने होत होती, ती सर्वांना आखून देण्याची ताकद याच पदवीत आहे, आणि म्हणूनच ती वाया जाताना पाहवत नाही. एका सत्रात एक विषय तरी असा असावा, की वाणिज्याचा आणि कायद्याचा शिक्षक मिळून एखाद्या साखर कारखान्याचा किंवा नागरी बँकेचा वार्षिक अहवाल विद्यार्थ्यांसमोर पानापानाने उलगडतील. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, वेळापत्रकात चार तास लागतात. येत्या प्रवेशासाठी मुलाला किंवा मुलीला घेऊन महाविद्यालयात जाणाऱ्या पालकांना माझी एकच विनंती आहे: कॅम्पस आणि पॅकेज यांची चौकशी झाल्यावर एवढे जरूर विचारा, की इथे लेखाशास्त्राचे आणि कंपनी कायद्याचे शिक्षक एकाच वर्गात कधी एकत्र शिकवतात का.