पोच द्यावी

माझे वडील हेदवीला पोस्टमास्तर होते. शहरातल्या वाचकांनी लगेच दगडी इमारत डोळ्यांपुढे आणू नये. गावच्या शाखा पोस्टाचा सारा संसार आमच्या ओटीवर मावत असे: एक टेबल, एक तराजू, तारखेचा शिक्का आणि डाकेची थैली. त्या ओटीवर अण्णांनी तीस वर्षांहून अधिक काळ काढला. दशभुज गणपतीच्या डोंगरापासून बामणघळीपर्यंत कोणाचा मुलगा मुंबईत कुठल्या चाळीत राहतो, हे त्यांना तोंडपाठ.

आई गेली आणि अण्णा एकटे पडले. मी पुण्यात मराठीचा प्राध्यापक, धाकटी बहीण लंडनला. तेव्हा गेल्या दिवाळीत आम्ही भावंडांनी मिळून त्यांना नवा फोन घेऊन दिला. मी शिकवायला बसलो. ‘‘इथे लिहा, हा बाण दाबा, की गेलं लंडनला!’’

अण्णांनी चष्मा पुसला. ‘‘ते कळलं रे. पण हे जातं कसं?’’

वीस वर्षे वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाने अशा वेळी काय करावे? ‘मला ठाऊक नाही’ म्हणावे. मी म्हणालो, ‘‘तुम्हाला काय करायचंय? गेल्याशी कारण!’’

अण्णा काही बोलले नाहीत. उठले आणि फोन फडताळात ठेवून आले. तो तिथेच राहिला. मुलीशी बोलायचे तर शेजाऱ्यांच्या फोनवर, हा जुना क्रम पुन्हा सुरू झाला.

पुण्यास परतलो तरी तो प्रश्न पाठ सोडीना. शेवटी आमच्या कॉलेजातल्या संगणक विभागातील एका तरुण सहकाऱ्याची शिकवणी धरली. मधल्या सुट्टीत चहाचे पैसे माझे, विद्या त्याची.

पहिल्याच दिवशी कळले की, आपण पाठवलेला फोटो अखंड जातच नाही. त्याचे तुकडे होतात. तुकडा साधारण १५०० बाइटांचा. देवनागरीतले एक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना, सहसा तीन बाइटांची जागा घेते. म्हणजे एका तुकड्यात जेमतेम पाचशे चिन्हे. तीस लाख बाइटांच्या फोटोचे दोन हजार तुकडे! ह्या तुकड्याला म्हणतात पॅकेट. प्रत्येकावर पाठवणाराचा पत्ता, घेणाराचा पत्ता आणि अनुक्रमांक. वाटेवर राउटर नावाची यंत्रे असतात. ती पत्ता वाचून पॅकेट पुढच्या यंत्राच्या हवाली करतात. लंडनपर्यंतचा सगळा रस्ता त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतो.

ते ऐकले आणि मला ओटीवरची थैली आठवली.

शिमग्याला हेदवीला गेलो तो तयारीनिशी. संध्याकाळी ओटीवर बसल्यावर विषय काढला. ‘‘अण्णा, लंडनचं पत्र तुम्ही कसं पाठवत होता?’’

‘‘मला कुठं लंडन माहीत? मी ते गुहागरच्या थैलीत टाकायचो. पुढचं गुहागरवाले बघतील.’’

‘‘राउटर हेच करतो!’’

अण्णा सावरून बसले. मग मी पत्त्याचा विषय काढला. पिनकोड त्यांना सांगायला नको होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या, अर्धवट पत्ते, ह्यांतून टपालाची सुटका करणारे ते सहा आकडे ज्यांनी योजले, ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि कवी. आडनावही आमच्या शेजारच्या वेळणेश्वराची आठवण देणारे. गुहागरचा पिन ४१५७०३. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट. कोलकात्याच्या माणसाला गुहागर ठाऊक नसले तरी अडत नाही. चारने सुरू होणारे पत्र कुठल्या थैलीत टाकायचे, एवढे त्याला पुरते. इंटरनेटचा आयपी पत्ताही असाच: पुढचा भाग जाळ्याचा, मागचा त्यातल्या यंत्राचा. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. तेही अपुरे पडू लागले, म्हणून आता कितीतरी लांब असे नवे पत्ते जुन्यांच्या जोडीने वापरात आहेत.

‘‘आणि वाट बंद पडली तर?’’ अण्णांनी विचारले.

‘‘कुंभार्ली घाट बंद पडला तर?’’

‘‘आंबा घाटानं.’’

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन केबली तुटल्या. भारतातले इंटरनेट कित्येक दिवस मंदावले, पण ठप्प झाले नाही. पॅकेटे दुसऱ्या वाटांनी वळवली गेली. 

‘‘पण एखादा तुकडा हरवला तर?’’ हा खरा पोस्टमास्तरचा प्रश्न.

त्याचे उत्तर विंट सर्फ आणि बॉब कान ह्या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये मांडले. वाटेवरच्या यंत्रांवर खात्रीचा भार टाकायचाच नाही. पॅकेट पोचले की घेणाऱ्याने पोच द्यावी. ठरल्या वेळेत पोच आली नाही तर पाठवणाऱ्याने तेच पॅकेट पुन्हा पाठवावे. तुकडे उलटसुलट आले तर घेणाऱ्याने अनुक्रमांक लावून जुळवावेत. ह्या नियमांना टीसीपी म्हणतात. १ जानेवारी १९८३ पासून अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे टीसीपी आणि आयपी ह्या जोडीवर चालू लागले. आपल्याकडे विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तारीख पुन्हा पिनकोडाचीच!

‘‘म्हणजे रजिस्टर ए.डी.,’’ अण्णा म्हणाले.

‘‘हो. फोनवर बोलताना मात्र सहसा तसं करत नाहीत. हरवलेला शब्द मागाहून आला तर काय उपयोग? म्हणून तो तुकडा सोडून पुढं जातात. ताईचा आवाज मधेच तुटतो तो त्यामुळं.’’

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘एके काळी मुंबईची माणसं बोटीनं यायची. पुढं एस.टी. आली, १९९८ ला कोकण रेल्वे पुरी झाली. पण पत्त्याची रीत काही बदलली नाही.’’ माझ्या सहकाऱ्याने चार दिवस फळ्यावर थर काढून समजावलेली गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली: खाली तार असो, काच असो की रेडिओलहर, वरच्या पत्त्याला त्याचे सुखदुःख नाही.

ते उठले आणि फडताळातून फोन घेऊन आले. एकेक अक्षर शोधत त्यांनी लंडनला लिहिले: ‘इकडील सर्व खुशाल. पोच द्यावी.’ बाण दाबला. एक खूण उमटली, लगेच दुसरी.

‘‘ही बघा पोच!’’ मी म्हणालो.

‘‘ही यंत्राची,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तिची यायची आहे.’’

दिवेलागण झाली तरी ते ओटीवरच बसून होते. सातच्या सुमारास फोन वाजला. ताईने लिहिले होते, ‘अण्णा, पोचलं.’ त्यांनी ते दोनदा वाचले, फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मला म्हणाले, ‘‘दिवाळीत विचारलं होतं मी. तुझी पोच यायला शिमगा उजाडला.’’

मी मान खाली घातली. उशिरा का होईना, ती पोचली एवढेच समाधान.