जैतापूर, कैगा आणि पायाखालची जमीन
बेळगावहून कैगा आणि निपाणीहून जैतापूर, दोन्ही ठिकाणे सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर आहेत. कैग्याचा अणुवीज प्रकल्प चालू आहे. जैतापूरचा नियोजित आहे.

२०११ साली रॉजर बिल्हॅम आणि विनोदकुमार गौर या भूकंपतज्ज्ञांनी बेंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये जैतापूरवर निबंध लिहिला. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) येथील भूकंप ज्या ताणामुळे झाले, तोच ताण जैतापूरच्या खडकांतही आहे. म्हणून सहाच्या आसपास तीव्रतेचा धक्का तिथेही शक्य आहे. शक्यता कमी, पण ती सोडून देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

ही शक्यता किती, हे ठरवणे अवघड का? दख्खनच्या पठारावर एकाच भेगेवरचे दोन मोठे भूकंप हजारो वर्षांच्या अंतराने होऊ शकतात. आपल्या लेखी नोंदी जेमतेम काही शतकांच्या. म्हणून भूकंपतज्ज्ञ जुनी कागदपत्रे वाचतात, चर खणून सरकलेले थर तपासतात, जीपीएसने जमिनीची हालचाल मोजतात. त्यावरून प्रकल्पाच्या पायाला किती हादरा बसेल याचा अंदाज बांधतात आणि अभियंते त्यानुसार बांधकाम करतात. अंदाज चुकूही शकतो: २००७ मध्ये जपानच्या काशिवाझाकी-कारिवा केंद्राला गृहीत धरल्यापेक्षा मोठा हादरा बसला.

हादरा बसताच अणुभट्टी आपोआप बंद होते, पण इंधन तापतच राहते. ते थंड ठेवायला वीज आणि पाणी लागते. जपानच्याच फुकुशिमा अणुवीज केंद्रात नेमके तेच खुंटले.

किल्लारीचा परिसर भूकंपापूर्वी सुरक्षित मानला जात होता. म्हणूनच अशा प्रकल्पांचे भूकंपविषयक अहवाल सोप्या मराठीत आणि कन्नडमध्ये लोकांसमोर ठेवले पाहिजेत.