शेकानंतरची जखम आणि प्राणवायूची कोठी



बीबी गटात सुरू लागणीच्या नोंदी घेत असताना एका जुन्या सभासदांनी आम्हाला बांधावरच थांबवले. "साहेब, उसाचं मागून पाहू. दाढ काढली त्याले तीन महिने झाले, जखम काही भरून नाही राह्यली."

दोन वर्षांपूर्वी त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. (तंबाखूवरून आम्ही बोलणार नाही, आमच्याही खिशात एके काळी चंची होती.) ऑपरेशन झाले, शेक म्हणजे रेडिएशन झाले, रोग आटोक्यात आला. पुढे दाढ दुखली म्हणून त्यांनी ती काढून घेतली. पण शेक घेतल्याचे दाताच्या डॉक्टरांना सांगितलेच नाही. दाताचा अन् कॅन्सरचा काय संबंध, असे त्यांना वाटले.

संबंध आहे. आम्ही जाणत्या डॉक्टरांना विचारून घेतले. शेकाने रोग मरतो, पण त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू बुजतात. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. चाऱ्या गाळाने भरल्या की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसेच हे. जबड्याच्या हाडाला रक्त कमी, म्हणून प्राणवायू कमी. दाढ काढली की जखम तशीच राहते, हाड उघडे पडते.

यावर एक उपाय म्हणजे दाबाखालचा प्राणवायू. नाकाला नळी लावतात तो नव्हे. रुग्णाला बंद कोठीत बसवून हवेच्या दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू देतात. सोडावॉटरच्या बाटलीत दाबाने वायू विरघळतो, तसा तो रक्तात जादा विरघळतो आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. एक बैठक सुमारे दीड तासाची, अशा तीस-चाळीस. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात पाणबुड्यांसाठी अशी कोठी आहे. मुंबई-पुण्याच्या काही खाजगी रुग्णालयांतही सोय आहे.

पण हे रामबाण नव्हे. शेकाने मूत्राशयाला इजा झालेल्यांना याने आराम पडतो, असे युरोपातील उत्तरेकडच्या देशांतील २०१९ सालच्या चाचणीत दिसले. त्याच वर्षीच्या ब्रिटनमधील चाचणीत मात्र दाढ काढण्याच्या वेळी आधीच हा उपाय करून जबडा वाचवण्यात फायदा दिसला नाही. मेलेले हाड तर प्राणवायूने जिवंत होत नाही. ते काढावेच लागते. कानाला दडा बसतो, क्वचित झटका येतो, फुप्फुसाचा काही आजार असेल तर धोका. आत काडेपेटी, तेल काही चालत नाही. तेव्हा शेक देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणाच्या जाहिरातीवर पैसे घालू नयेत.

आमच्या सभासदांनी आता शेकाचे जुने कागद शोधून काढले आहेत आणि ते घेऊन ते पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जात आहेत. त्यांची चिंता वेगळीच होती. "दीड-दोन महिने मुंबईले राहावं लागलं, तर खोडवा कोण तोडंल?" त्यांची क्रमपाळी अलीकडे घ्यावी, अशी शिफारस आम्ही मुख्य शेतकी अधिकाऱ्यांकडे केली आहे. पाणी त्यांचा पुतण्या देईल.