बैठक चुकवा, सभासद राहा!

सलग चार बैठकांना दांडी मारली की नाव कट! रोटरी या सेवाभावी संघटनेत हा नियम अनेक दशकं चालला. त्यावरची पळवाटही रोटरीनंच ठेवली होती: आपली बैठक हुकली तर जगातल्या कुठल्याही रोटरी क्लबात जाऊन बसा, हजेरी भरून निघते. याला म्हणतात ‘मेकअप’. नाशिकचा व्यापारी सिंगापुरात अनोळखी मंडळींसोबत जेवला, तरी नाशिकच्या वहीत तो हजर.

1905 साली शिकागोत वकील पॉल हॅरिस यांनी तीन मित्रांसह रोटरी काढली. बैठका आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत होत. एका व्यवसायातला एकच सभासद, असा दंडक. बायकांना तर दारच बंद! कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे क्लबनं 1977 मध्ये महिलांना आत घेतलं, म्हणून त्याची सनदच काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1987 मध्ये डुआर्टे जिंकलं. दोन वर्षांनी जगभरच्या रोटरीनं नियम बदलला.

ज्येष्ठांसाठी रोटरीत एक झकास गणित आहे. वय अधिक सभासदत्वाची वर्षं, बेरीज 85 भरली की हजेरीतून सूट मागता येते. मात्र किमान वीस वर्षं काढलेली हवीत; नव्वदीत दाखल होऊन लगेच सुट्टी नाही!

2016 मध्ये तर लगाम आणखी सैल झाला. दर आठवड्याच्या बैठकीची सक्ती गेली, महिन्यातून दोन पुरे. ऑनलाइन भरणारे ई-क्लब आहेत, आठ जणांत सुरू होणारे ‘सॅटेलाइट’ क्लबही आहेत. रोटरीच्याच तरुणांसाठीच्या रोटरॅक्ट क्लबांतली तिशीपर्यंतच्या वयाची अट 2020 मध्ये उठली.

रोटरीसारख्याच लायन्स क्लबांचा हिशेब घरगुती. एकाच घरातल्या पहिल्या सभासदानं आंतरराष्ट्रीय वर्गणी पूर्ण भरायची, पुढच्या चौघांपर्यंत निम्मी. सासू-सून एकाच क्लबात असल्या तर बैठकीत कोण कोणाचं ऐकतं, हे नियमात लिहिलेलं नाही.

अशीच आणखी एक क्लब-संघटना ‘राउंड टेबल’ मुळात चाळिशीपर्यंतच्या तरुणांची. मग वय उलटलेल्यांनी काय करावं? त्यांनी स्वतःचा वेगळा क्लब काढला. नाव? ‘41 क्लब’!

आणि लायन्समधलं सर्वांत मजेशीर पद म्हणजे ‘टेल ट्विस्टर’. बैठकीत हसतखेळत सभासदांना दंड ठोकणं हेच त्याचं काम. त्याला स्वतःला दंड करायचा असेल, तर हजर असलेल्या प्रत्येकाचं त्यावर एकमत लागतं. दांडी मारणाऱ्यांचं इथे काही चालत नाही.