सीमा दूर, झळ घरात

8 मे 2025 च्या रात्री आमच्या घरात कोणी झोपले नाही. टीव्हीवर कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगत होते. एका वाहिनीवर लाहोर पडले होते, दुसरीवर इस्लामाबाद पडण्याच्या बेतात होते. मागे भोंग्यांचे आवाज लावलेले. अम्मी तसबीह हातात धरून पडद्यासमोर बसल्या होत्या आणि दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "बंदर से हैदराबाद कॉलनी कित्ती दूर है रे?" नांदेडच्या देगलूर नाक्यावर बसून आम्ही काय सांगणार? शेवटी आमच्या बारावीतल्या मुलाने मोबाइलवर नकाशा काढून अंतर मोजायला घेतले.

सकाळी कळले की बंदर जागेवर होते आणि लाहोरही जागेवरच होते. रात्रभर ओरडलेल्या निवेदकांपैकी बहुतेकांनी दिलगिरीचा शब्दही काढला नाही. आम्ही मात्र त्या एका रात्रीत अम्मींचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र तीन वेळा बाहेर काढले होते.

अम्मींच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या खालाजानचे, लग्न 1964 साली कराचीत झाले. त्या काळी हैदराबाद संस्थानातून तिकडे गेलेल्या घराण्यांशी इकडच्या सोयरिकी होत असत. पुढच्याच वर्षी युद्ध झाले. मग 1971 आले, मग कारगिल, मग मुंबईवरचा हल्ला. प्रत्येक वेळी व्हिसा बंद, पत्रे बंद. पुन्हा थोडे उघडले की शहरांची नावे लिहिलेला व्हिसा मिळायचा आणि आल्या आल्या पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागायची. खालाजान शेवटच्या 2005 साली आल्या होत्या. साठ वर्षांत दोघी बहिणी एका छताखाली किती दिवस राहिल्या, हे अम्मींना बोटांवर सांगता येते.

त्या मे महिन्यात आमच्या मुलाने अम्मींच्या फोनमधून कराचीचा नंबर काढून टाकला. आम्हांला न विचारता. म्हणाला, "दादी, आत्ता नको. कोणी तुमचा फोन बघितला तर?" सतरा वर्षांच्या पोराच्या तोंडचे हे वाक्य ऐकून आम्हांला त्याला रागवावे की नाही, ते सुचले नाही. वाचकांपैकी ज्यांचे कोणी तिकडे आहे, त्यांच्या घरीही असेच काही घडले असणार.

पोराची भीती हवेतली नव्हती. 22 एप्रिल रोजी पहलगाममध्ये 26 जणांना ठार मारण्यात आले. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. मारेकऱ्यांनी धर्म विचारून गोळ्या घातल्या. पर्यटकांना वाचवायला धावलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह हाही तिथेच गेला. निरपराधाचा खून हा आपल्या दीनमध्ये कोणत्या दर्जाचा गुन्हा आहे, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. पुढच्या जुम्म्याला आमच्या मोहल्ल्यातली माणसे दंडाला काळ्या फिती लावून मशिदीत गेली. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे; दुःख खरे होते. फिती बांधताना एक बुजुर्ग मात्र हळूच म्हणाले, "आपले दुःख दंडावर बांधून दाखवावे लागते." ते आमच्या मनातून जात नाही.

त्यानंतर जेमतेम दहा-बारा दिवसांत, मेच्या सुरुवातीला, लातूर शहरात रस्त्यावरच्या एका साध्या वादात एका तरुणाला पाकिस्तानी ठरवून मारहाण झाली आणि त्याचा व्हिडिओ काढला गेला. तो व्हिडिओ जगभर फिरेल या भीतीने त्याने जीव दिला. पोलिसांनी गुन्हा दाखल केला. बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आली आणि गेली. लातूर-नांदेडच्या घराघरांत ती अजून गेलेली नाही. आमच्या शाळेत सुट्टीनंतर सातवीतला एक मुलगा विचारत होता, "सर, आपण पाकिस्तानी आहोत का?" गंमत म्हणून नव्हे, उत्तर हवे म्हणून. त्याच्या पणजोबांची कबर अर्धापूरला आहे. आम्ही त्याला एवढेच सांगितले. दुसरे उत्तर त्या क्षणी सुचले नाही, आणि आजही याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही.

शिक्षक असल्याने आणखी एक गोष्ट आमच्या काळजाला लागली. 7 मे रोजी पूंछमध्ये पलीकडून आलेल्या तोफगोळ्यांनी जी माणसे गेली, त्यांत मदरशात शिकवणारे एक मौलवी होते. भारताच्या मातीवर, पाकिस्तानच्या गोळ्याने मेलेले शिक्षक. काही वाहिन्यांनी त्यांचाच फोटो दाखवून दहशतवादी मारला गेल्याचे सांगितले. पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला.

दोन्ही देशांतल्या राज्यकर्त्यांवर आज लोक चिडून आहेत, आणि ते केवळ आपल्याच लोकांत आहे असे नाही. आमच्या स्टाफरूममध्ये कदम सर, जोशी मॅडम, आम्ही, सगळे एकाच सुरात बोलतो. 10 मे रोजी गोळीबार थांबल्याची बातमी आधी कोणी दिली? ना दिल्लीने, ना इस्लामाबादने. अमेरिकेच्या अध्यक्षांनी. दोन शेजाऱ्यांच्या बांधावरचे भांडण मिटल्याचे तिसऱ्या गावच्या पाटलाने दवंडी पिटून सांगावे, तसा तो प्रकार. पलीकडच्या जनतेला तर कोणता नेता उद्या तुरुंगात असेल आणि कोणता सेनापती वरचढ असेल, हेही विचारण्याची मुभा राहिलेली नाही.

मराठवाड्याला हे नवे नाही. आपल्याकडे हा धडा 1948 सालीच गिरवून झाला आहे, फक्त पाठ्यपुस्तकात तो पुरा येत नाही. त्या वेळी शेजारी देश म्हणजे हैदराबाद संस्थान आणि भारत. लातूरला वकिली करणारे कासिम रझवी रझाकारांचे पुढारी झाले. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या गोष्टी होऊ लागल्या. खेड्यापाड्यांत रझाकारांनी हिंदू रयतेवर जे अत्याचार केले, ते आमच्या घरातल्या जुन्या माणसांनीही नाकारले नाहीत. त्यांना विरोध करणारे मुसलमानही होते. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हावे असे लिहिले, तर 22 ऑगस्ट 1948 च्या रात्री हैदराबादेत त्यांना कापून काढले. 13 सप्टेंबरला भारतीय फौज आत आली, 17 ला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांचे काम.

त्यानंतरचे दिवस मात्र पाच नव्हते. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. समितीने अंदाज दिला, 27 ते 40 हजार माणसे मेली. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपले नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा 1982 साली झाला. लातूर शहरातल्या सुमारे दहा हजार मुस्लिमांपैकी समितीला तिथे जेमतेम तीन हजार आढळले. बाकीचे मारले गेले होते किंवा जीव घेऊन पळाले होते. हा अहवाल दशकानुदशके कपाटात राहिला. सर्वसामान्य अभ्यासकाला तो वाचायला मिळाला 2013 च्या सुमारास. त्याच अहवालात हेही नोंदले आहे की कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिम कुटुंबांना लपवले, आणि विणकरांसारख्या एका धंद्यातल्या माणसांनी आपल्या मुस्लिम भाईबंदांसाठी स्वतःच्याच लोकांशी दोन हात केले. आमच्या नानांना बळीराजाच्या कडब्याच्या गंजीत चार दिवस ठेवणारे घर लोहा तालुक्यात आजही आहे. दिवाळीचा फराळ अजून येतो.

आणि रझवी? ते तुरुंगात गेले, 1957 साली सुटले आणि पाकिस्तानात निघून गेले. 1970 साली कराचीतच वारले. ज्यांनी त्यांची भाषणे ऐकली होती ते इथेच राहिले, ज्यांनी ऐकली नव्हती तेही इथेच राहिले, आणि उरलेले आयुष्य मान खाली घालून जगले. दरवर्षी 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी झेंडावंदनाला आम्ही मुलांसमोर उभे राहतो तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांबद्दल मनापासून बोलतो. शोएबुल्लांचे नाव आम्ही आमच्या जबाबदारीवर जोडतो. मुख्याध्यापकांनी आजवर हरकत घेतलेली नाही.

आता 2025 चाच सप्टेंबर घ्या. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटी झाली. हसनाळ आणि आसपासच्या गावांत रात्री पाणी शिरले, माणसे आणि जनावरे वाहून गेली. ही गावे लेंडी धरणाच्या बुडीत क्षेत्रातली. महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन शेजारी राज्यांचा हा प्रकल्प 1980 च्या दशकापासून रखडलेला. पुनर्वसन पुरे झाले नाही आणि पाणी मात्र आले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लातूर, धाराशिव, बीडमध्ये काढणीला आलेले सोयाबीन आठवडाभर पाण्यात उभे होते. औसा तालुक्यातल्या आमच्या साडूंनी व्हिडिओ पाठवला, त्यात शेत नव्हते, तलाव होता. त्याच आठवड्यात, 28 सप्टेंबरला, दुबईत भारत-पाकिस्तान अंतिम सामना झाला. भारत जिंकला, आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण नंतर दोन दिवस वाहिन्यांवर चर्चा कशाची? हात मिळवला का नाही, आणि पाकिस्तानच्या मंत्र्याच्या हातून चषक घेतला का नाही. साडू फोनवर म्हणाले, "चषकाचं काय व्हायचं ते होईल, पंचनाम्याला तलाठी कधी येणार ते विचारा कुणीतरी."

नांदेडला आणखी एक जखम आहे. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला इथल्या शासकीय रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण दगावले, त्यांतली 16 बाळे होती. औषधांच्या तुटवड्याची चर्चा झाली, मंत्री येऊन गेले. त्या बाळांच्या आयांमध्ये लिंबाजीची लेकही असेल आणि शबानाही असेल. वॉर्डात कोणी विचारले नसेल. लातूरकरांना 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. या प्रश्नांवर चिडलेल्या माणसाला सीमेचा प्रश्न दाखवला की तो निमूट बसतो, हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना पक्के ठाऊक आहे. तिकडचा पुढारी पिठाच्या भावाबद्दल विचारले की काश्मीर म्हणतो.

तरी दोन्ही बाजूंना नुसते पुढारीच राहतात असे नाही. परभणीकडची एक मूकबधिर पोर लहानपणी रेल्वेत बसली. सचखंड एक्स्प्रेसने, म्हणजे आपल्या नांदेडहून सुटणाऱ्या गाडीने, ती अमृतसरला गेली असावी आणि तिथून समझोता एक्स्प्रेसने लाहोरला, असा अंदाज आहे. कराचीत ईधी फाउंडेशनच्या बिल्किस ईधींनी तिला वाढवले. ती नमस्कार करते, देवापुढे हात जोडते हे पाहिल्यावर तिचे नाव गीता ठेवले आणि तिच्यासाठी देवांच्या तसबिरी आणून दिल्या. 26 ऑक्टोबर 2015 रोजी ती भारतात परतली. आपल्या पंतप्रधानांनी फाउंडेशनला एक कोटी रुपये जाहीर केले. ईधींनी ते नम्रपणे नाकारले. पुढे 2021 साली तिची आई आपल्या मराठवाड्यातच सापडल्याची बातमी आली. समझोता एक्स्प्रेस ऑगस्ट 2019 पासून बंद आहे. आज एखादी गीता चुकली तर तिला तिकडे नेणारी गाडी नाही, हे एका अर्थी बरेच. पण परत आणणारीही नाही. कर्तारपूरचा मार्गही 7 मेपासून बंद आहे. हुजूर साहिबच्या सेवेत असलेले आमच्या ओळखीचे एक सरदारजी सांगत होते, त्यांच्या बीजींचा कर्तारपूरचा अर्ज भरून तयार होता.

ऑगस्टमध्ये पलीकडच्या पंजाबातही महापूर आला. कर्तारपूरचा गुरुद्वारा पाण्यात उभा असलेला आम्ही फोटोत पाहिला. सिंधू पाणी करार एप्रिलपासून स्थगित आहे, तरी भारताने माणुसकी म्हणून पुराचा इशारा पाकिस्तानला कळवला. ही बातमी दोन ओळींची होती. आम्ही ती कापून शाळेच्या फलकावर लावली.

सप्टेंबरच्या अखेरीस जायकवाडीचे दरवाजे उघडले, मग विष्णुपुरीचे. गोदावरी घाट सोडून वस्तीकडे निघाली. त्या रात्री मुलाने स्वतःच अम्मींच्या फोनमध्ये कराचीचा नंबर पुन्हा घातला आणि लावून दिला. तिकडे खालाजानना सगळे आधीच ठाऊक होते; त्यांच्या नातवाने नांदेडच्या पुराचे व्हिडिओ दाखवले होते. त्यांच्या स्वतःच्या गल्लीत पंधरवड्यापूर्वीच गुडघाभर पाणी साचून गेले होते, ते त्यांनी नंतर सांगितले. आधी विचारले ते एवढेच, "नावघाट पे पानी कां तक आया गे?"

अम्मींनी हाताने छातीएवढी उंची दाखवली. "इत्ता," त्या म्हणाल्या. फोनला कॅमेरा लावलेला नव्हता. तरी तिकडून लगेच उत्तर आले, "अल्लाह! फिर तो पीपल भी डूब्या रहेंगा."