भ्रमणध्वनी आणि संगणक यांचा ताळमेळ : काही दोष व त्यांची चिकित्सा

क्षेत्रीय भाषाभ्यासाची सामग्री आज बहुधा भ्रमणध्वनीवर गोळा केली जाते आणि तिचे विश्लेषण संगणकावर होते. पत्रव्यवहार, शब्दसूची व ध्वनिमुद्रणे दोन्ही यंत्रांवर एकसारखी राहावीत यासाठी जी व्यवस्था असते तिला व्यवहारात ‘सिंक’ म्हणतात. भाषाविज्ञानातील ‘एककालिक’ या संज्ञेच्या मूळ ग्रीक धातूशी या शब्दाचे नाते आहे. परंतु येथे एकाच वेळी घडणे हा मुख्य अर्थ नसून दोन नोंदींचा ताळमेळ बसणे हा आहे. या अर्थभेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच पुष्कळ सामग्री नष्ट होते. सिंक म्हणजे संरक्षक प्रत नव्हे. एका यंत्रावर केलेली भर जशी दुसऱ्यावर पोचते तशीच खोडही पोचते. भ्रमणध्वनीवरील जागा मोकळी करण्यासाठी एखादे ध्वनिमुद्रण पुसले, तर ते संगणकावरूनही जाण्याचा संभव असतो.

‘मेल येत नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिची कारणे निरनिराळी असतात. म्हणून दोष कोठे आहे हे प्रथम ठरविले पाहिजे. तेच खाते संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. पत्र तेथे दिसत असेल तर सर्व्हर निर्दोष आहे, आणि शोध भ्रमणध्वनीकडे किंवा जोडणीकडे वळवावा. त्यानंतर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर प्रयत्न करावा. वसतिगृहे व ग्रंथालये येथील वाय-फाय पुष्कळदा स्वतःच्या पृष्ठावर प्रवेश-नोंदणी मागते. ती होईपर्यंत जोडणीची खूण दिसते, पण पत्रांची ये-जा होत नाही. यंत्रातील दिनांक चुकीचा असल्यास सुरक्षा-प्रमाणपत्र अग्राह्य ठरते व जोडणी नाकारली जाते. हे कारण क्षुल्लक वाटते म्हणूनच सहसा सुचत नाही. पत्रे येतात पण जात नाहीत, अशीही अवस्था असते. पाठविण्याची व्यवस्था (एसएमटीपी) स्वतंत्र असल्यामुळे तिची मांडणी वेगळी तपासावी लागते. तेथे २५ क्रमांकाचे पोर्ट घातलेले असल्यास सेवादाते ते बहुधा अडवितात, त्याऐवजी ५८७ किंवा ४६५ घालावे.

सर्वांत अनर्थकारक दोष मात्र पत्र आणण्याच्या पद्धतीत असतो. ‘पॉप’ या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीचे विनिर्देशन १९८८ साली प्रसिद्ध झाले. एका मनुष्याचे एकच यंत्र, ही तिच्यामागील कल्पना होती. सर्व्हरवरील पत्रे त्या यंत्रावर उतरवून घ्यावयाची व सर्व्हरवरून काढून टाकावयाची. ‘आयमॅप’ ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्ड येथे रचिली. तीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि प्रत्येक यंत्र त्याचे केवळ दर्शन घडविते. संगणकावर पॉप व भ्रमणध्वनीवर आयमॅप अशी मांडणी झाली, की सकाळी भ्रमणध्वनीवर वाचलेले पत्र संगणक सुरू होताच तेथून नाहीसे होते. भ्रमणध्वनी बिघडला असा समज होतो; वस्तुतः दोष संगणकाच्या मांडणीत असतो. दोहोंकडे आयमॅप ठेवणे हाच उपाय होय. खाते काढून पुन्हा जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आयमॅपच्या बाबतीत तो बव्हंशी निरुपद्रवी आहे. पॉपच्या बाबतीत मात्र उतरविलेली पत्रे त्याबरोबर कायमची जाऊ शकतात.

पूर्वी चालणारा जुना मेल-प्रोग्रॅम परवलीचा शब्द अचूक असूनही नाकारला जातो, याचे कारण धोरणबदलात आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी, आणि मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या संस्थात्मक मेलसेवेत क्रमाक्रमाने, नुसत्या परवलीच्या शब्दावर प्रवेश देणे थांबविले. प्रोग्रॅम अद्ययावत करावा.

जागेचा प्रश्नही उपेक्षणीय नाही. गूगलच्या विनामूल्य खात्यातील १५ गिगाबाइट जागा पत्रे, छायाचित्रे व फायली यांत सामाईक असते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट अशा द्विमार्गी असंकुचित ध्वनिमुद्रणास तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. म्हणजे सुमारे चोवीस तासांच्या मुद्रणाने खाते भरते आणि मग मेलही येईनाशी होते. केबलने फायली उतरविणे येथे अधिक सोयीचे. अँड्रॉइड यंत्र केबल लावल्यावर प्रायः केवळ चार्ज होते. सूचनापट्टीतून ‘फाइल हस्तांतरण’ निवडावे लागते.

मराठीच्या अभ्यासकास आणखी एक अडचण येते, आणि ती लिपीतून उद्भवते. ‘वऱ्हाडी’ या नावाची फोल्डर घ्यावी. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र संकेतांक आहे, ‘र’ला नुक्ता जोडूनही तेच अक्षर सिद्ध होते. मॅक संगणकांची जुनी फाइल-व्यवस्था नावाचे असे विघटन करूनच ते साठवीत असे. विंडोज मात्र दोन्ही रूपे भिन्न मानते. शिवाय ‘र’, हलन्त व अदृश्य जोडक असा तिसरा क्रमही तीच आकृती दाखवितो, आणि तो तर प्रमाणीकरणानंतरही पहिल्या दोहोंशी एकरूप होत नाही. परिणामी डोळ्यांना एकच दिसणाऱ्या ‘वऱ्हाडी’च्या दोन फोल्डरी निर्माण होतात, निम्मी सामग्री एकीत व निम्मी दुसरीत जाते, आणि शोध घेतला तर एकच सापडते. फायलींची नावे रोमन अक्षरे व अंक यांत ठेवावीत आणि मराठी शीर्षक फायलीच्या आत लिहावे, हा उपाय मराठीच्या अभिमान्यास रुचणारा नाही. परंतु तूर्त तोच निर्धोक आहे. नावात वेळ लिहिताना १०:३० असा विसर्गसदृश द्विबिंदू घालू नये. विंडोजमध्ये ते चिन्ह नावात चालत नाही.